सोडणे, सुटणे, निसटणे : रज्जुमार्गावरील सुट्या पकडीचा इतिहास

रज्जुमार्गांचा इतिहास बहुधा आल्प्स पर्वताच्या उतारावरून सांगावयास आरंभ होतो. तो सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊरपासून आरंभणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. जेऊर हे भीमा आणि सीना या नद्यांमधील कोरड्या पठारावरील गाव. तेथे उंच डोंगर नाही, बर्फ नाही, रज्जुमार्गही नाही. परंतु रज्जुमार्गाच्या रचनेत जो प्रश्न सर्वांत अवघड ठरला, तो या पठारावरील शेतकऱ्याच्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या रोज उभा राहत होता. दोराने ओझे इष्ट स्थळी आणल्यावर दोराची धर कोठे, केव्हा आणि कोणी सोडावयाची, हा तो प्रश्न होय. विहिरीवर त्याची जी उत्तरे निघाली, त्यांच्याशी तुलना केली असता आधुनिक रज्जुमार्गावरील सुट्या पकडीचे मर्म अधिक स्पष्ट होते. या तुलनेस मराठी भाषेतील तीन क्रियापदेही साहाय्य करतात. ती म्हणजे सोडणे, सुटणे आणि निसटणे.

यांपैकी पहिली दोन क्रियापदे एकाच कुळातील आहेत. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे यांप्रमाणेच सुटणे–सोडणे ही अकर्मक-सकर्मक जोडी आहे. प्राकृतातील आद्य ‘छ’चा मराठीत ‘स’ होतो. म्हणून हिंदीतील छूटना–छोड़ना यांची ही मराठी भावंडे ठरतात. सोडण्याच्या क्रियेला कर्ता लागतो. सुटण्याच्या क्रियेत कर्ता अव्यक्त असतो. ती क्रिया नेमाने, ठरल्या वेळी आणि ठरल्या ठिकाणी होऊ शकते. शाळा सुटते, तशीच गाडीही सुटते. डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, हा लोहमार्ग १८५९ साली सुरू झाला आणि जेऊर त्या मार्गावर आले. तेव्हापासून तेथील लोक गाडीच्या प्रस्थानास ‘सुटणे’ हेच क्रियापद योजीत आले आहेत. निसटणे मात्र या दोहोंहून वेगळे. त्यातही कर्ता नसतो, पण नेमही नसतो. जे धरून ठेवावयाचे होते ते धरलेले राहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुट्या पकडीचा इतिहास म्हणजे सोडण्याच्या क्रियेचे सुटण्यात रूपांतर करण्याचा, आणि ते करताना निसटणे टाळण्याचा इतिहास होय.

(१) मोट आणि राहाट

दख्खनच्या पठारावरील मोटेची रचना विचारात घेऊ. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी; तिला खाली निमुळती सोंड. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा. तो विहिरीच्या काठावरील उंच चाकावरून जाऊन बैलांच्या जुवाशी बांधलेला असे. सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. तो खालच्या, काठालगतच्या रुळावरून जाई. बैल उतरत्या धावेवरून खाली चालू लागले की मोट वर येई. वर येताना सोंदूर सोंडेला उंच धरून ठेवी, त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट काठावर पोहोचली की नाडा तिला आणखी वर ओढी. सोंदूर मात्र सोंडेला पुढे थारोळ्यात खेचून घेई. सोंड आडवी होताच पाणी आपोआप थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाला लागे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पाणी ओतण्यासाठी काठावर माणूस उभा करावा लागत नसे. दोन दोरांच्या लांबीतील प्रमाण आणि दोन चाकांच्या उंचीतील अंतर यांनी ते काम केले होते. मोटकरी एकटाच बैल हाकी, नाड्यावर बसून आपले वजनही ओढीला देई, आणि पाणी ‘सुटे’. परंतु या रचनेचा दुसरा भाग तितका सोयीचा नव्हता. नाडा जुवाशी कायमचा बांधलेला असल्यामुळे रिकामी मोट खाली सोडण्यासाठी बैलांना त्याच धावेवरून उलटे, मागल्या पायांनी चढावे लागे. बैलांना हे शिकवावे लागे आणि त्यात त्यांची शक्ती व वेळ खर्च होई. यंत्रशास्त्राच्या परिभाषेत मोट ही येरझाऱ्या घालणारी रचना होय. एका खेपेनंतर गती थांबते, दिशा उलटते आणि मग दुसरी खेप सुरू होते.

राहाटाने ही अडचण दुसऱ्या रीतीने सोडविली. संस्कृत ‘अरघट्ट’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला हा शब्द. राहाटाच्या चाकावर गाडग्यांची अखंड माळ फिरते. भरलेली गाडगी एका बाजूने वर येतात, रिकामी दुसऱ्या बाजूने खाली जातात. गती कधी उलटत नाही. संसाराला ‘राहाटगाडगे’ म्हणण्याची रीत या अखंडपणातूनच आली. पण येथे प्रत्येक गाडगे माळेशी पक्के बांधलेले असते. म्हणून ज्या गतीने माळ फिरते त्याच गतीने गाडगे भरले पाहिजे आणि त्याच गतीने रिते झाले पाहिजे. माळ जलद फिरविली तर गाडगी अर्धी भरतात आणि पाणी पन्हळीबाहेर उडते. अखंड गती साधली, परंतु त्या गतीला भरण्या-ओतण्याची मर्यादा पडली.

(२) कीली

उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः मेरठ-दिल्लीकडील प्रदेशात, मोटेची एक निराळी पद्धती रूढ होती. तेथे दोर जुवाशी कायमचा न बांधता एका लाकडी खुंटीने अडकवीत. ही खुंटी म्हणजे ‘कीली’. बैल उताराच्या तळाशी पोहोचले आणि काठावरील गड्याने मोट धरून रिती केली की हाकणारा खुंटी उपसून घेई. दोर मोकळा होऊन मोट आपल्या वजनाने विहिरीत जाई, आणि बैल वळून सरळ चालीने बाजूच्या वाटेने वर येत. बैलांच्या दोन जोड्या असल्या तर एक जोडी वर येत असताना दुसरी ओढीस लागे. उलट्या चालीचा त्रास संपला आणि खेपांमधील खंड कमी झाला. हिंदीत मोट हाकणाऱ्यास ‘कीलिया’ असा शब्द आहे. मराठीत हाच मनुष्य मोटेवरून ‘मोटकरी’ झाला, तर हिंदीत तो खुंटीवरून ओळखला गेला. ज्या कृतीवर सारे अवलंबून होते, तिचेच नाव माणसाला मिळाले.

मराठीतील ‘खीळ’ हा शब्द याच कुळातला. संस्कृत ‘कील’, प्राकृत ‘खील’ आणि मराठी ‘खीळ’. पण मराठीत खीळ घालणे, खीळ बसणे या प्रयोगांत ती अडविणारी वस्तू आहे. उत्तरेच्या विहिरीवर तिचे महत्त्व ती काढता येण्यात होते. एकाच शब्दाच्या या दोन वाटांत सुट्या पकडीची दोन्ही कर्तव्ये सामावली आहेत. ती भार असेपर्यंत अढळ राहिली पाहिजे आणि भार उतरताच विनासायास निघाली पाहिजे.

कीलीच्या पद्धतीतील उणीव उघड आहे. खुंटी क्षणभर आधी उपसली तर भरलेली मोट दोरासकट विहिरीत कोसळे, आणि काठावर वाकलेल्या गड्याचा जीव धोक्यात येई. सोडण्याचा क्षण दोन माणसांच्या परस्पर अवधानावर अवलंबून होता. दख्खनच्या मोटेत पाणी आपोआप सुटे, पण दोर सुटत नसे. उत्तरेच्या मोटेत दोर सोडता येई, पण तो माणसाला सोडावा लागे. या दोन्ही गुणांचा संयोग विहिरीवर झाला नाही. तो पुढे लोखंडी दोरावर झाला.

(३) लोखंडी दोर आणि माणसाचा हात

जर्मनीतील हार्झ पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ साली तारांचा पिळलेला दोर वापरात आणला. तागाच्या वा कातड्याच्या दोराहून तो कितीतरी बळकट, आणि लांब अंतरावर अखंड फिरविता येण्याजोगा होता. अखंड फिरणारा दोर मिळताच राहाटाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुन्हा उपस्थित झाला. दोर थांबविल्यावाचून त्यावरील ओझे चढवावे-उतरवावे कसे?

इंग्लंडमध्ये चार्ल्स हॉजसन याने १८६८ साली एकस्व घेतलेल्या रचनेत माल भरलेली पेटी दोरावर खोगिरासारखी नुसती टेकलेली असे. तिचे वजन आणि घर्षण एवढीच तिची धर. स्थानकाशी येताच पेटीची लहान चाके एका स्थिर रुळावर चढत आणि पेटी दोरावरून अलगद उचलली जाई. सुटण्याची क्रिया येथे सोपी झाली. पण धरण्याची दुबळी राहिली. चढ तीव्र असला किंवा दोर ओला असला तर पेटी घसरे.

याउलट सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अँड्र्यू हॅलिडी याने १८७३ साली क्ले रस्त्याच्या चढावर जी ट्रामगाडी चालविली, तीत धर बळकट होती. रस्त्याखालच्या खाचेतून अखंड धावणारा दोर गाडीतील मनुष्य लांब दांड्याने चिमट्यात पकडी आणि थांब्यापाशी सोडी. त्या शहरात उरलेल्या काही मार्गांवर आजही ही पद्धती चालू असून दोराचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर असतो. जेथे दोन मार्ग एकमेकांस छेदतात, तेथे खालून जाणारा दोर नेमक्या जागी सोडावाच लागतो. न सोडल्यास चिमटा दुसऱ्या दोरात अडकेल. हा ट्रामचालक म्हणजे कीलियाचाच यंत्रयुगातील वारस. धर पक्की झाली, परंतु सोडण्याचे काम अजून माणसाच्या हातात आणि त्याच्या अवधानात होते.

लाइपझिगच्या आडोल्फ ब्लायखर्ट याने १८७४ पासून दोन दोरांचे मालवाहू मार्ग उभारले. एक जाड दोर रुळासारखा स्थिर, त्यावर चाके धावत. दुसरा बारीक दोर ओढण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या कारखान्याने जी पकड प्रचारात आणली, तीत पेटीचे स्वतःचे वजनच जबडा आवळी. स्थानकात विशिष्ट आकाराच्या रुळाने ते वजन उचलून धरले की जबडा उघडे आणि पेटी ओढदोरापासून सुटे. येथे प्रथमच कीलियाचा हात अनावश्यक झाला. दख्खनच्या मोटेत जे काम सोंदूर व दोन चाकांच्या उंचीने केले, तेच येथे रुळाच्या वळणाने केले.

(४) माणसांची ने-आण आणि स्प्रिंगची पकड

मालाच्या पेटीला चढण्या-उतरण्याची भीती नसते, माणसाला असते. अमेरिकेतील सन व्हॅली येथे १९३६ साली जेम्स कुरन याने बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांसाठी खुर्च्यांचा पहिला रज्जुमार्ग योजिला. केळीचे घड जहाजात चढविणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. या खुर्च्या दोराला पक्क्या आवळलेल्या होत्या. म्हणजे हा राहाटच. म्हणून दोराचा वेग माणसाला खुर्चीत बसता येईल इतकाच ठेवावा लागे. पक्क्या पकडीच्या मार्गांवर तो आजही सेकंदाला सुमारे अडीच मीटरच्या आतबाहेर असतो. शिवाय पकड वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली तर तेथे दोराच्या तारा थकतात. त्यामुळे अशा पकडी ठरावीक काळाने पुढे सरकवाव्या लागतात.

सुटी पकड असलेला खुर्च्यांचा पहिला मार्ग १९४५ साली स्वित्झर्लंडमधील फ्लिम्स येथे झाला. पुढे १९८१ साली अमेरिकेत ब्रेकनरिज येथे चार आसनांच्या सुट्या खुर्च्या आल्या आणि ही पद्धती सर्वत्र पसरली. दोराचा वेग सेकंदाला ५ ते ६ मीटर, आणि स्थानकात पाळण्याचा वेग चालणाऱ्या माणसाहूनही कमी, हे दोन्ही एकाच वेळी साधू लागले. दोराची गती आणि चढण्या-उतरण्याची गती यांची फारकत करणे, हेच सुट्या पकडीचे खरे कार्य होय.

आजच्या पकडीची कृती पुढीलप्रमाणे असते. पकडीला एक स्थिर आणि एक हलता असे दोन जबडे असून बळकट पोलादी स्प्रिंग हलता जबडा दोरावर दाबून ठेवते. हलत्या जबड्याला जोडलेल्या तरफेच्या टोकाशी एक छोटे चाक असते. पाळणा स्थानकात शिरताच पकडीची धावती चाके स्थिर रुळावर चढतात. पाठोपाठ तरफेचे चाक उतरत्या पट्टीखाली जाते, तरफ दाबली जाते, स्प्रिंग आवळते आणि जबडा उघडतो. दोर किंचित खाली वळून आपल्या वाटेने पुढे जातो. मोकळ्या झालेल्या पाळण्याला रबरी टायरांची रांग टप्प्याटप्प्याने संथ करते. या टायरांना बहुधा त्याच दोरापासून पट्ट्यांच्या योगे गती मिळालेली असते. उतारू उतरतात, दुसरे चढतात. दुसऱ्या बाजूस टायरांची तशीच रांग पाळण्याला पुन्हा दोराच्या वेगापर्यंत नेते. दोन्ही वेग जुळल्यावरच पट्टी संपते, तरफ उचलली जाते आणि जबडा दोरावर मिटतो. वेग जुळण्यापूर्वी जबडा मिटला तर दोर आणि पकड दोन्ही घासून झिजतील. पकड दर खेपेस दोराच्या निराळ्या जागी बसते, म्हणून पक्क्या पकडीप्रमाणे एकच जागा थकत नाही.

स्प्रिंगच्या दाबाची कल्पना साध्या गणिताने येईल. भरलेल्या पाळण्याचे वजन १,००० किलोग्रॅम आणि दोराचा चढ ३० अंशांचा धरला, तर पाळण्याला दोरावरून खाली ओढणारा जोर ५०० किलोग्रॅम भाराएवढा होतो. तेलकट पोलादाचे घर्षण ०·१५ मानले आणि दोन्ही जबड्यांचा हिशेब केला, तर निव्वळ तोल साधण्यासाठीच सुमारे १,६७० किलोग्रॅम भाराचा दाब लागतो. तिप्पट सुरक्षितता हवी असल्यास तो ५,००० वर जातो. पाळण्याच्या वजनाच्या कित्येक पट दाब स्प्रिंगने अहोरात्र ठेवावयाचा, आणि तो स्थानकातील एका वाकड्या पट्टीने प्रत्येक खेपेस हटवावयाचा, असे हे काम आहे. वजनाने आवळणाऱ्या पकडीत पाळणा उसळला की दाबही क्षणभर कमी होतो. स्प्रिंगचा दाब पाळण्याच्या हेलकाव्यावर अवलंबून नसतो, हा तिचा मोठा गुण.

(५) निसटण्याचा धोका

माणसाच्या अवधानाची जागा वस्तूच्या आकाराने घेतली, म्हणून अवधानाची गरज संपली असे मात्र नाही. कॅनडातील व्हिसलर येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी सुट्या पकडीच्या मार्गावर दोर एकाएकी थांबविला गेला, तेव्हा एका खुर्चीची पकड दोरावर घसरली. खुर्च्या एकमेकींवर आदळून काही खाली कोसळल्या आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या पकडींत पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी घटकांनी दाब निर्माण केला जात असे. त्याच बनावटीचे इतर मार्ग पुढे बदलावे लागले किंवा नव्याने बांधावे लागले. सोडण्याची कृती तेथे निर्दोष होती; धरण्याची नव्हती.

म्हणून आधुनिक स्थानकात सुटण्याइतकीच धरण्याचीही परीक्षा असते. पाळणा स्थानकाबाहेर पडण्यापूर्वी त्याची पकड मोजणीच्या पट्टीवरून जाते आणि स्प्रिंगचा दाब दर खेपेस तपासला जातो. जबडा दोरावर नीट बसला नसेल तर तेथील स्पर्शक त्याला अडवितात. कोणतीही मोजणी चुकली की सारा मार्ग थांबतो. काठावरचा गडी आणि कीलिया यांच्यात जो संकेत चाले, त्याचेच हे यांत्रिक रूप होय. यंत्राने माणूस हटविला. त्याने विचारावयाचा प्रश्न मात्र हटविला नाही.

(६) रायगड, गुलमर्ग, गिरनार

भारतातील रज्जुमार्गांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांचे वर्ग सहज लागतात. महाराष्ट्रात रायगडावर १९९६ साली सुरू झालेला मार्ग येरझाऱ्यांचा आहे. सुमारे ७५० मीटर लांबीच्या या मार्गावर एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. पाळणे स्थानकात आले की दोर थांबतो, उतारू बदलतात आणि गती उलटते. ही मोटेची रीत. अंतर थोडे आणि चढ अत्यंत तीव्र असता ती योग्यच आहे. थांबलेल्या पाळण्यातून वृद्ध व बालके निर्धास्त उतरू शकतात. मात्र मार्ग लांबला तर प्रत्येक खेपेचा वेळ वाढतो आणि ताशी उतारूंची संख्या घटते.

काश्मीरमधील गुलमर्गच्या मार्गाचा पहिला टप्पा १९९८ साली आणि अफरवात शिखराकडील दुसरा २००५ साली सुरू झाला. तेथे सुट्या पकडीचे पाळणे आहेत. जुनागढजवळ गिरनार पर्वतावर २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला मार्गही याच प्रकारचा. त्याची लांबी सुमारे २·३ किलोमीटर, पाळणे २५, प्रत्येकात ८ माणसे आणि ताशी वहनशक्ती ८०० उतारूंची सांगितली जाते. हे आकडे परस्परांशी जुळतात. ताशी ८०० उतारू म्हणजे १०० पाळणे, म्हणजे दर ३६ सेकंदांस एक. सेकंदाला ५ मीटर वेग धरला तर दोन पाळण्यांत १८० मीटर अंतर पडते, आणि जाण्या-येण्याच्या ४·६ किलोमीटर दोरावर साधारण २५ पाळणे मावतात. येरझाऱ्यांच्या रीतीने एवढ्या लांबीवर ही संख्या गाठण्यास फार मोठे पाळणे लागले असते.

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ ही रज्जुमार्गांची योजना जाहीर केली. गडांवर आणि डोंगरी देवस्थानांवर असे मार्ग व्हावेत ही मागणी महाराष्ट्रातही वारंवार होते. त्या प्रसंगी सर्वांना ‘रोपवे’ हे एकच नाव दिले जाते. पण पाळणा दोराशी कसा जोडला आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून मार्गाचा वेग, त्याची वहनशक्ती, त्याची देखभाल किंवा त्याचा धोका यांविषयी काहीही सार्थ बोलता येत नाही. येरझाऱ्यांचा, पक्क्या पकडीचा आणि सुट्या पकडीचा असे तीन भेद मराठी परिभाषेत स्थिर होणे इष्ट आहे. त्यांसाठी नवे अवघड शब्द घडविण्याचे कारण नाही. विहिरीच्या व्यवहाराने आणि कारागिरांच्या बोलीने ते पूर्वीच दिले आहेत. ‘पकड’ हा शब्द लोहाराच्या व तारतंत्र्याच्या हाती रोजचा आहे, आणि ‘सुटी’ या विशेषणात सुटण्याची शक्यता आणि स्वतंत्र असणे हे दोन्ही अर्थ येतात.

करमाळ्याच्या पठारावरील मोट तेलावरच्या इंजिनांनी व विजेच्या पंपांनी मागे टाकली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठच्या सिंचनाचे रूपच पालटले. थारोळे, सोंदूर, धाव हे शब्द आता तेथील वृद्धांच्या बोलण्यात आणि कोशांत उरले आहेत. या शब्दांची नोंद सामान्यतः लोकजीवनाची स्मृती म्हणून केली जाते. त्यांत यंत्रविचारही साठविलेला आहे, याकडे तितके लक्ष गेलेले नाही. दोन दोरांच्या लांबीतील फरकाने पाणी सोडविणारा जेऊरच्या परिसरातील मोटकरी आणि रुळाच्या वळणाने जबडा उघडणारा लाइपझिगचा कारखानदार यांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. त्यांचा प्रश्न मात्र एकच होता. बोलीतील अवजारांचे शब्द गोळा करताना वस्तूच्या नावाबरोबर तिची कृती, आणि विशेषतः ती कोठे धरते व कोठे सुटते, हेही टिपून ठेवणे म्हणून अगत्याचे आहे. ते सांगू शकणारी माणसे दरसाल कमी होत आहेत.